विस्मृत ब्रिटिश ‘मॉड’ संगीत : शोध, खरेदी आणि जतन

साठच्या दशकातील ब्रिटिश संगीत म्हटले की बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्यापाशी बहुतेकांची यादी संपते. थोडे पुढे गेलेल्यांना द हू आणि द किंक्स ठाऊक असतात. त्याच वर्षांत लंडन, ग्लासगो, कोव्हेंट्री, यॉर्क इथल्या शेकडो वाद्यवृंदांनी दोन-चार छोट्या रेकॉर्डी काढल्या, त्या खपल्या नाहीत आणि कंपन्यांनी त्यांना निरोप दिला. ही गाणी आता पुन्हा ऐकायला मिळू लागली आहेत. त्यासोबत काही प्रश्न वारंवार विचारले जातात. सुरुवात कुठून करावी? मूळ रेकॉर्ड घ्यावी की नवी प्रत? घरातल्या जुन्या इंग्रजी रेकॉर्डींचे काय करावे? नागपुरात राहून हे सारे जमते का? पुढील माहिती या प्रश्नांपुरती आहे.

मॉडमध्ये काय धरावे

मॉड हा मुळात लंडनच्या तरुणांचा पंथ होता. बेताचा पगार, पण इटालियन कापाचे सूट, स्कूटर आणि रात्रभर नाचण्याची हौस. त्यांना अमेरिकी कृष्णवर्णीयांचे सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज हवे असे. सोहो भागातील फ्लेमिंगो क्लबसारख्या ठिकाणी हे संगीत वाजवण्यासाठी जे ब्रिटिश वाद्यवृंद उभे राहिले, त्यांचे १९६३ ते १९६७ या काळातील काम मॉड संगीतात धरतात. हॅमंड ऑर्गन, ठसठशीत बेस, नाचायला लावणारा ताल आणि तीन मिनिटांच्या आत संपणारे गाणे, एवढी ओळख पुरे. १९६६ नंतर गिटारचा आवाज अधिक खरखरीत आणि विक्षिप्त झाला. त्या टप्प्याला संग्राहक ‘फ्रीकबीट’ म्हणतात. हे नाव १९८० च्या दशकात पडले, त्या वादकांनी ते कधी ऐकलेही नव्हते. कोणते गाणे कोणत्या खान्यात बसते यावर संग्राहक तासन्‌तास भांडतात. नव्याने ऐकणाऱ्यांनी त्या भांडणात पडू नये.

सुरुवात ओळखीच्या गाण्यांपासून करा

अनोळखी नावांची लांबलचक यादी हाती घेऊन बसलात तर चार दिवसांत कंटाळा येतो. त्याऐवजी आधीच कानावर पडलेले गाणे शोधा. तशी गाणी भारतीय घरांत आहेत आणि ती अनेकांच्या लक्षात आलेली नाहीत.

बोनी एम हा गट १९८० च्या सुमारास नागपुरातल्या लग्नांच्या बँडपासून गणेशोत्सवाच्या लाऊडस्पीकरपर्यंत सगळीकडे वाजत होता. त्यांच्या ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’ (१९७८) या अल्बममध्ये, ‘रासपुतिन’ आणि ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ यांच्याच सोबत, ‘पेंटर मॅन’ नावाचे गाणे आहे. ते मूळचे द क्रिएशन या मॉड वाद्यवृंदाचे, १९६६ चे. बोनी एमने १९८० मध्ये गायलेले ‘माय फ्रेंड जॅक’ हेही उसनेच. ते यॉर्कच्या द स्मोक या गटाने १९६७ मध्ये काढले होते. गाण्यात साखरेच्या खड्यांचा उल्लेख आहे. तो अमली पदार्थाचा इशारा मानला गेल्याने बीबीसीने गाण्याकडे पाठ फिरवली आणि इंग्लंडात ते फारसे चालले नाही. मात्र ही दोन्ही मूळ गाणी इंग्लंडपेक्षा जर्मनीत कितीतरी जास्त गाजली होती. बोनी एमचे निर्माते फ्रँक फारियान जर्मनीचेच, हे लक्षात घेतले की त्यांची निवड सहज उलगडते. घरातली कॅसेट काढा, बोनी एमचे ‘पेंटर मॅन’ ऐका आणि लगेच मूळ ऐका. डिस्कोच्या झिलईखाली काय दडले होते ते एका फेरीत कळते.

तरुण वाचकांसाठी दुसरे दार आहे. इटलीच्या मॅनेस्किन गटाचे ‘बेगिन’ २०२१ मध्ये मोबाइलवर अक्षरशः धुमाकूळ घालत होते. ते मूळ अमेरिकेच्या फ्रँकी व्हॅली आणि फोर सीझन्स यांचे, १९६७ चे. मधल्या पायरीवर टाइमबॉक्स हा ब्रिटिश गट आहे. त्यांनी १९६८ मध्ये डेरम कंपनीसाठी हे गाणे केले आणि जाणकारांच्या मते तिन्हींत तेच सर्वांत तगडे आहे.

तिसरे दार मुंबईतून उघडते. द किंक्स हा गट जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला. पहाटे समुद्राकडे निघालेल्या मच्छीमारांचा एकसुरी गजर गटातील रे डेव्हिस यांनी ऐकला आणि त्यावरून ‘सी माय फ्रेंड्स’ रचले. ते त्याच वर्षी जुलैअखेर आले, म्हणजे बीटल्सच्या सतार असलेल्या ‘नॉर्वेजियन वुड’च्या काही महिने आधी. त्यात सतार नाही. तंबोऱ्यासारखा अखंड सूर गिटारवरच धरला आहे.

पुढची नावे

यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे. ती पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

- द अ‍ॅक्शन : लंडनच्या केंटिश टाऊनचा गट, गायक रेगी किंग. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीच त्यांच्या १९६५ ते १९६७ मधील पाच छोट्या रेकॉर्डी केल्या. एकही यशस्वी झाली नाही. ‘आय’ल कीप होल्डिंग ऑन’ (१९६६) पासून सुरू करा. हे मूळ अमेरिकेच्या द मार्व्हलेट्स या मुलींच्या गटाचे गाणे. दोन्ही पाठोपाठ ऐकली की अमेरिकी सोल लंडनला पोहोचल्यावर त्याचे काय झाले ते समजते : ड्रम पुढे आले, गिटार झणझणीत झाली, पण गायकाने मूळ गाण्यातली आर्जवे सोडली नाहीत.
- द क्रिएशन : ‘मेकिंग टाइम’ (१९६६). गिटारवादक एडी फिलिप्स तारांवर चक्क व्हायोलिनचा गज फिरवतात. लेड झेपेलिनच्या जिमी पेजमुळे ही युक्ती जगप्रसिद्ध झाली, पण ती फिलिप्स यांनी आधी केली होती. ओअ‍ॅसिस गटाच्या रेकॉर्डी काढणाऱ्या क्रिएशन रेकॉर्ड्सचे नाव याच गटावरून पडले.
- जॉर्जी फेम अँड द ब्लू फ्लेम्स : ‘ऱ्हिदम अँड ब्लूज अ‍ॅट द फ्लेमिंगो’ (१९६४). प्रत्यक्ष क्लबमधले ध्वनिमुद्रण. गर्दीचा आवाज ऐकण्यासारखा आहे.
- द सॉरोज : कोव्हेंट्रीचा गट. ‘टेक अ हार्ट’ (१९६५).
- शॅरन टँडी : दक्षिण आफ्रिकेतून आलेली गायिका. फ्लर द लीस या गटाच्या साथीने गायलेले ‘होल्ड ऑन’ (१९६७) रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकले गेले होते. पुढच्या बाजूचे गाणे आज कोणी लावत नाही.
- जिमी जेम्स अँड द व्हॅगबॉन्ड्स : जमैकाहून आलेला गट, ‘द न्यू रिलिजन’ (१९६६). याच जिमी जेम्सची १९७६ मधील गाणी बंगळुरूच्या बिद्दू यांनी केली. हेच बिद्दू पुढे ‘कुर्बानी’मधल्या ‘आप जैसा कोई’चे संगीतकार.

एक इशारा. जे विसरले गेले ते सगळेच उत्तम होते असे नाही. त्या काळच्या कित्येक अप्रसिद्ध रेकॉर्डी साध्या सुमार आहेत आणि केवळ दुर्मीळ म्हणून महाग आहेत. दुर्मीळपणाचे दडपण घेऊ नका. गाणे दोनदा ऐकूनही आवडले नाही तर सोडून द्या.

शोध घेताना होणारे घोळ

या गटांची नावे शोधयंत्राला अडचणीत टाकणारी आहेत. अ‍ॅक्शन, गेम, ट्रूथ, आइज, अटॅक, स्मोक असे शब्द टाकले तर भलतेच समोर येते. गटाच्या नावासोबत गाण्याचे नाव आणि वर्ष टाका. रॉनी वुड ज्यात होते तो द बर्ड्स हा लंडनचा गट, आणि अमेरिकेचा प्रसिद्ध बर्ड्स वेगळा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, पण मोबाइलची आपोआप दुरुस्ती नेमका तोच पुसून टाकते.

दुसरा घोळ आवृत्त्यांचा. त्याच गायकाने वीस-तीस वर्षांनी पुन्हा गायलेले गाणे मूळ म्हणून चढवलेले असते. गाण्याखालील वर्ष अनेकदा पुनर्प्रकाशनाचे असते, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आवाज स्वच्छ, ड्रम रुंद पसरलेले आणि गायक थोडा थकलेला वाटला तर शंका घ्या. या छोट्या रेकॉर्डी बहुतेक मोनो होत्या. मोनो ध्वनिमुद्रणाला कृत्रिमरीत्या दोन बाजूंना फाकवून ‘स्टीरिओ’ केलेल्या आवृत्त्या ऐकताना पोकळ लागतात. निवड असेल तिथे मोनोच घ्या.

मूळ रेकॉर्ड, नवी छपाई की संकलन

- मूळ ब्रिटिश छोटी रेकॉर्ड : फारच कमी छापल्या गेल्या. काहींची किंमत शेकडो पौंडांत जाते आणि नकली प्रतीही फिरतात. केवळ ऐकण्यासाठी घेऊ नये.
- नवी छपाई : जुन्याच लेबलची हुबेहूब नक्कल असते. परवान्याने काढलेली असेल तर वेष्टणावर हक्कधारक कंपनीचे नाव व वर्ष छापलेले असते. ते नसेल तर कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेला माल समजा.
- संकलन : सर्वांत शहाणपणाचा मार्ग. ऱ्हायनो कंपनीचा ‘नगेट्स’चा दुसरा भाग (२००१, चार सीडी) ब्रिटन आणि इतर देशांतील गाण्यांना वाहिलेला आहे. १९८४ पासून निघालेली ‘रबल’ मालिका अधिक खोलात जाते. क्रिएशनचे निर्माते शेल टाल्मी यांच्या कामाचे ‘मेकिंग टाइम’ हे संकलन एस कंपनीने २०१७ मध्ये काढले. द अ‍ॅक्शनसाठी ‘द अल्टिमेट अ‍ॅक्शन’ एकटे पुरते.

नागपूरच्या ऐकणाऱ्याने पैसे कुठे घालावेत, याचे उत्तर सोपे आहे. एक चांगले संकलन घ्या आणि उरलेले पैसे रेकॉर्ड प्लेअरच्या नव्या पिनवर घाला. झिजलेली पिन महागड्या रेकॉर्डीचे वाटोळे करते.

घरातल्या आणि बाजारातल्या रेकॉर्डी

नागपुरात मॉड गटांच्या मूळ ब्रिटिश प्रती मिळण्याची आशा धरू नका. मात्र ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात छापलेल्या ब्रिटिश रेकॉर्डी मध्य भारतातही पोहोचल्या होत्या. पार्लोफोन, कोलंबिया, एचएमव्ही, डेक्का ही लेबले पाहा. सदर, मोहननगर, कामठीची छावणी, अजनीची रेल्वे वसाहत अशा जुन्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व लष्करी वस्तीच्या भागांत घर रिकामे होत असेल तर अशा रेकॉर्डी निघण्याची शक्यता इतरत्रपेक्षा जास्त. सीताबर्डीच्या पदपथावर पुस्तके चाळली किंवा ओळखीच्या कबाड्याकडे सांगून ठेवले तरी काही हाती लागते. पुण्याचा जुना बाजार (बुधवार व रविवार) आणि मुंबईचा चोरबाजार हे पर्याय आहेतच, पण तिथल्या विक्रेत्यांना भाव आता पुरते ठाऊक आहेत.

एक भारतीय वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. इंग्लंडात ७८ फेऱ्यांची तबकडी १९६० च्या सुमारास संपली, पण भारतात ती साठच्या दशकात छापली जात राहिली, कारण चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते. बीटल्सची गाणीही इथे ७८ वर निघाली आणि त्या तबकड्यांमागे जगभरचे संग्राहक असतात. म्हणून जाड, जड तबकडीवर ब्रिटिश गटाचे नाव दिसले तर जुने भजन समजून बाजूला टाकू नका आणि पहिल्या भावाला विकूही नका.

घेण्यापूर्वी हे पाहा :

- रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाक तपासा. काठ लाटेसारखा दिसला तर नको.
- दिव्याखाली तिरकी धरा. नखाला लागणारी चीर पिनलाही लागते. नुसत्या केसासारख्या रेषा बहुधा चालतात.
- लेबल आणि खाचा यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. नकली प्रतींची चूक बऱ्याचदा इथे पकडली जाते.
- वेष्टणात दुसरीच रेकॉर्ड नाही ना, हे पाहा. ही फसवणूक नसते, साठ वर्षांची अदलाबदल असते.

७८ च्या तबकडीसाठी एलपीची पिन लावू नका. तिची खाच साधारण तिपटीने रुंद असते आणि पिनही वेगळी लागते.

परदेशातून मागवताना

परदेशी विक्रेते रेकॉर्डीची प्रत ठरावीक इंग्रजी शब्दांत सांगतात. ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास नवी, ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे ऐकण्याजोगी. ‘व्हेरी गुड’मध्ये खरखर धरून चाला आणि ‘गुड’ म्हणजे खरे तर खराब. या एका शब्दाने अनेकांचे पैसे बुडाले आहेत.

किमतीत टपालखर्च, सीमाशुल्क, जीएसटी आणि टपाल किंवा कुरियरचे हाताळणी शुल्क मिळवा. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी चालू दर पाहा. एकूण आकडा बघून अनेकदा बेत रद्द करावासा वाटेल, आणि तो करणेच बरे. विक्रेत्याला पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नका. ती खोटी घोषणा ठरते आणि पार्सल अडकते. एप्रिल ते जून या काळात शक्यतो मागवू नका. डिलिव्हरीच्या गाडीत दुपारभर पडलेली रेकॉर्ड ताटलीसारखी वाकून येते.

फसवणूक झाल्यास

भारतातील दुकान किंवा ऑनलाइन विक्रेत्याने वर्णनापेक्षा वेगळी वस्तू पाठवली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण, विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता मुंबईचा असो की चेन्नईचा, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. दोन व्यक्तींमधल्या खासगी देवघेवीला मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही. परदेशी विक्रेत्यावर इथला आदेश बजावणे अवघडच, तिथे पैसे देण्याच्या सेवेची किंवा बँक कार्डाची परतावा-तरतूद हाच खरा आधार.

कूलर आणि उन्हाळा

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण रेकॉर्डींचा मोठा शत्रू कूलर आहे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा बंद खोलीत महिनोन्‌महिने साठते आणि पुठ्ठ्याच्या वेष्टणाला बुरशी धरते. रेकॉर्डींचे कपाट कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीला लावा. पश्चिमेची भिंत आणि गच्चीखालचा माळा टाळा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. प्लास्टिकची हवाबंद पिशवी नको, आतल्या आत घाम धरतो.

प्लास्टिकच्या रेकॉर्डी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रावाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसा. लेबल भिजू देऊ नका. लाखेच्या ७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते.

वाजवण्याचे हक्क

घरी ऐकण्यावर बंधन नाही. विकत घेतलेली रेकॉर्ड मोबाइलमध्ये उतरवून स्वतः ऐकणे हा खासगी वापर ठरतो. ती फाइल समाजमाध्यमांवर चढवणे वेगळे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतात. म्हणजे १९६५ मध्ये निघालेल्या मुद्रणाची मुदत २०२५ अखेर संपते. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क स्वतंत्र असतो व तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. ब्रिटनमध्ये मुद्रणाची मुदतही सत्तर वर्षांची आहे. ‘जुने गाणे, आता मोफत’ असे समजून व्हिडिओला जोडाल तर दावा येऊ शकतो.

कॅफे, हॉटेल किंवा तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर हक्कसंस्थांचा परवाना घ्यावा लागतो. नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून रेकॉर्डी ऐकवल्या तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. चार हौशी लोकांनी महिन्यातून एकदा जमून श्रवणमंडळ चालवायचे असेल तर ही तरतूद उपयोगी पडते. प्रवेशशुल्क ठेवलेत की ती सवलत डळमळते.

आपल्याकडचे भाऊबंद

ब्रिटिश मॉड संगीताची लाट भारतातही पोहोचली होती. सिमला सिगारेटच्या वतीने होणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील गटांच्या १९७० व १९७१ मधल्या दोन एलपी निघाल्या. जर्मनीतून त्यांचे पुनर्प्रकाशन झाल्यावर जगाला त्यांचा पत्ता लागला. मुंबईचे द सॅव्हेजेस, व्हेल्व्हेट फॉग, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हे गट त्याच काळातले. ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे मराठी प्रेक्षकांना ठाऊक असलेले नंदू भेंडे या मुंबईच्या रॉक मंडळींतलेच. या काळाचा वृत्तान्त सिद्धार्थ भाटिया यांच्या ‘इंडिया सायकेडेलिक’ (२०१४) या इंग्रजी पुस्तकात आहे.

मोठ्या शहरांबाहेरच्या, रेल्वे संस्थांच्या आणि छावण्यांच्या नाचगाण्यांत वाजवणाऱ्या गटांची नोंद मात्र जवळजवळ कुठेच नाही. त्यामुळे नागपूर-कामठीच्या घरांत जुन्या इंग्रजी रेकॉर्डी, कार्यक्रमाची पत्रके किंवा फोटो असतील तर कबाड्याला देण्यापूर्वी लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वेष्टणावरचे हाताने लिहिलेले नाव आणि तारीख उतरवून घ्या, आणि त्या घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला ती रेकॉर्ड कुठून आली ते विचारून ठेवा.